लग्नघराची भिंत

मु. रामपुरे, ता. शहादे, जि. धुळे
ता. १३ नोव्हेंबर १९६१

ती. सौ. सरलाताईस,
मगनचा साष्टांग नमस्कार. ती. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

भाऊबीजेला तू आली नाहीस. दाजींच्या दुकानाची अडचण कळली, राग नाही. आईने पाटाभोवती रांगोळी काढून ठेवली होती. दुपारची मोटार आली आणि तू उतरली नाहीस, तेव्हा तिनेच निरांजन घेतलं आणि मला ओवाळलं. म्हणाली, "बहीण नही, ते माय शे." मला हसू आलं आणि मग जेवण गेलं नाही.

दसऱ्यापासून ती माझ्याकडेच आहे. बांधकामाच्या आवारात मला पत्र्याच्या दोन खोल्या दिल्यात. केळीची बाग काकांनी करायला घेतल्यापासून घरी तिला करमेना. इथे आल्या आल्या तिने दोन्ही खोल्या सारवल्या, चुलीमागची भिंत पांढऱ्या मातीने पोतारली, मजूर बायांशी ओळखी केल्या. मी नाट्यगृह बांधायला आलोय की ती, असा प्रश्न पडावा.

तू कामाचं विचारतेस. काम म्हणजे माझी रोजची फजिती. कॉलेजला नाट्यगृहासाठी मिळालेल्या जागेवर घोड्यांच्या व्यापाऱ्यांची जुनी धर्मशाळा होती, तुला आठवत असेल. सारंगखेड्याच्या यात्रेला जाताना आबांनी आपली बैलगाडी तिथे सोडली होती. तिचं छप्पर कधीच गेलं. एक भिंत तेवढी उभी आहे, आणि त्या भिंतीवर चित्र आहे. शंभरावर वर्षं झाली असतील. तापी, तिच्यातल्या नावा, काठावरचा घोडेबाजार, व्यापाऱ्यांच्या पगड्या, आणि अगदी कडेला, दाराच्या चौकटीशेजारी, घागर घेऊन चाललेली एक बाई. कोणी काढलं ते कुणालाच ठाऊक नाही. व्यापाऱ्यांनी त्याच भिंतीखाली चुली मांडल्या, त्यामुळे सगळं धुराने काळवंडलंय. जवळ जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं तरच घोडे दिसतात. रंगही कच्चे आहेत. ओलं बोट लावलं तर बोट निळं होतं. म्हणून भिला पहारेकऱ्याला मी बजावून ठेवलंय, भिंतीला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

कॉलेजच्या कमिटीला नाटकाचं घर हवंय आणि मला त्या भिंतीचं. दोन्ही एका छपराखाली बसवता बसवता माझं डोकं फिरलं. आधी मी ती भिंत रंगमंचाच्या पाठीशी घेतली होती. नकाशा सुंदर झाला होता. मग लक्षात आलं की पहिल्याच स्नेहसंमेलनाला पोरं तिच्यात खिळे ठोकून पडदे टांगणार. फाडला नकाशा. आता सगळं नाट्यगृहच फिरवून घेतलंय. लोक आत शिरतील ते भिंतीसमोरच्या दालनातून, आधी हे चित्र पाहतील, मग नाटक. छप्पर नव्या खांबांवर आहे, जुन्या भिंतीवर एक वीटदेखील टेकलेली नाही. उजेड उत्तरेच्या जाळीतून येतो, म्हणजे ऊन चित्रावर पडणार नाही.

केवलचंदशेठ, आमचे अध्यक्ष, रोज एक फेरी मारतात आणि हसत हसत विचारतात, "मगनभाऊ, ही भिंत मोटारीच्या वाटेत येते, तिचं काय करता?" माणूस वाईट नाही. धर्मशाळा त्यांच्याच पणजोबांनी बांधलेली. पण त्यांना धुळ्याच्या टॉकीजसारखं काहीतरी झगझगीत हवंय, आणि मी त्यांना काळी भिंत दाखवतो.

खरं सांगू, ताई? मी थकलोय. मुंबईला शिकलो, तिथे कुणी उभं केलं नाही. इकडे आलो, गोदामं बांधली, जिनिंगच्या शेड बांधल्या. माझ्या हातून एक गोष्ट धड झाली तर ती ही होईल, आणि ती कुणालाच नको आहे. सकाळी उठून त्या भिंतीसमोर उभा राहतो तेव्हा वाटतं, हिला आणि मला दोघांनाही लोक जागा अडवणारे समजतात.

आईला भिंत दाखवली. बराच वेळ पाहून म्हणाली, "ह्या चितारीनी कव्हय पानी भरं नही. बाईनी घागर उलटी कमरवर शे." तिला घोडे, नावा काही दिसलं नाही, चुकीच्या कमरेवर घेतलेली घागर तेवढी दिसली.

माझ्या लग्नाचं टुमणं तिने सोडलेलं नाही. परवा वैतागून म्हणालो, "माय, या नाट्यगृहाचं उद्घाटन, हेच मन्हं लगीन समज." तेव्हापासून गप्प आहे. बडोद्याहून एक जाणकार येऊन चित्राचं काम करणार आहे, हेही तिला सांगितलं. तो काय जेवतो याची चौकशी तिने सुरू केली आहे.

यात्रेला ये. आई वाट पाहते, आणि मला बोलायला कुणीतरी हवं आहे.

तुझा
मगन


रामपुरे
ता. १० जानेवारी १९६२

ती. सौ. ताईस,
नमस्कार. तुम्ही सर्व खुशाल असाल. तेरावं उरकून तू गेलीस त्यानंतर तुझं पत्र नाही. मी एक कार्ड टाकलं होतं, ते मिळालं नसेल.

काकांनी आईचं लुगडं आणि पितळी डबा माझ्याकडे पाठवला. डबा तू घेऊन जा. त्यात मेथी आहे, तिनेच भरलेली. मी उघडून पाहिलं आणि परत झाकण लावलं.

कामाचं म्हणशील तर छपराचं संपलं, खुर्च्या यायच्या आहेत. उद्घाटन पुढे ढकललं. दुखवट्यासाठी म्हणून कमिटीने ढकललं, मी मागितलं नव्हतं. भिंतीचं विचारू नकोस.

आईला न्हाऊ घालून तू बाहेर आलीस आणि मला बाजूला घेऊन विचारलंस, "तिच्या नखांत निळं काय आहे रे?" मी म्हणालो, केळीच्या चिकाचा डाग. तू माझ्याकडे पाहिलंस आणि परत आत गेलीस. मी तेव्हा सांगितलं तेच पुन्हा लिहितो. तिचा पाय घसरला. बांधकामावर सगळीकडे ओल असते, म्हातारं माणूस, त्यात नवी जागा. यात कुणाचा काही दोष नाही. दाजींनाही असंच सांग.

रात्री झोप लागत नाही, पण ते चालायचंच. उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

मगन


रामपुरे
ता. ४ मार्च १९६२

ताई,

दाजींचं कार्ड मिळालं. मुलांची खुशाली, कापसाचा भाव, सगळं त्यांच्या अक्षरात. तुझं नाव कुठे नाही. फक्त पत्त्याच्या वरच्या कोपऱ्यात तुझ्या अक्षरात एक ओळ आहे: केळीचा डाग काळा असतो.

केळीच्या बागेत वाढलेल्या बहिणीला मी ते सांगितलं. आपल्या लहानपणी एकही परकर, एकही सदरा त्या डागाशिवाय नव्हता. घाबरलेल्या माणसाला खोटंही नीट सुचत नाही. आज सगळं लिहितो. नमस्कार, खुशाली काही लिहिलं नाही, ते पोचलं असं समज.

यात्रेच्या आधी मी खुर्च्यांच्या लाकडासाठी धुळ्याला गेलो होतो. परत आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. आई नाट्यगृहाच्या दारात उभी होती, हात पाठीमागे घेऊन, लहान मुलीसारखी. मजूर बाया बाजूला पदराआड हसत होत्या. मी आत गेलो.

भिंत पांढरी होती, ताई. या टोकापासून त्या टोकापर्यंत. नदीकाठची पांढरी माती आणून तिने सगळी भिंत पोतारली होती, बायांना बांबूच्या परांचीवर चढवून पार वरपर्यंत. आणि चौकटीशेजारी हळदीचे पंजे उठवले होते, लग्नघरी उठवतात तसे. सगळे तिच्याच हाताचे.

"चांगली दिखस ना?" ती म्हणाली. "लगीनना घरनी भित अशी काळी ऱ्हास का रे?"

भिलाला मी विचारलं, तू थांबवलं का नाहीस. तो रडायला लागला. भिंतीला कुणाला हात लावू द्यायचा नाही, असं मी सांगितलं होतं. त्याने आईला त्या 'कुणा'त धरलं नव्हतं.

तू म्हणशील, तिला चित्र माहीत होतं, मग असं कसं केलं. मीही तेच म्हणालो. नंतर, फार नंतर, मला तुझं लग्न आठवलं. पडवीच्या भिंतीवर काकांच्या लग्नातली चित्रं होती, घोडी, मोर, डोली. आईने तुझ्या हळदीआधी त्यांच्यावर पोतारा फिरवला आणि मग चितारी आला, त्याने तुझी घोडी, तुझे मोर काढले. काकांचे मोर गेले म्हणून आपल्याकडे कुणी रडलं नाही. आपल्या घरी लग्न आलं की जुनं चित्र जातं आणि नवं येतं, आणि भिंत आधी पांढरी करून देणं हे घरच्या बाईचं काम. मी तिला सांगितलं होतं, उद्घाटन हेच माझं लग्न. मी तिला सांगितलं होतं, बडोद्याचा माणूस येऊन चित्राचं काम करणार. तिने त्या माणसासाठी भिंत तयार करून ठेवली. यात तिचं चुकलं कुठे?

हे मला त्या संध्याकाळी कळलं नाही. त्या संध्याकाळी मी काय बोललो ते लिहायलाच हवं. मजूर बायांसमोर बोललो. म्हणालो, "माय, तू मन्हं लगीन नही, मन्हं मढं सजाडं."

तिचा चेहरा मी पाहिला. तो मला रोज दिसतो. बाया एकेक करून निघून गेल्या. ती हात पदराला पुसत म्हणाली, "मी पुशी टाकस ना भाऊ. मातीच ते शे." मी तसाच खोलीत गेलो आणि कडी लावली. तिने दाराबाहेर ताट ठेवलं होतं, ते सकाळी मुंग्यांनी भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे मजूर यात्रेला निघाले. मीही त्यांच्या गाडीत बसलो. मला घोड्यांतलं काय कळतं? पण मला तिच्यासमोर बसायचं नव्हतं. सारंगखेड्याला घोड्यांच्या ओळींमधून नुसता हिंडत राहिलो. एक व्यापारी म्हणाला, "साहेब, घ्यायची नसेल तर घोडीच्या तोंडावरून इतका हात फिरवू नका." मग नदीवर जाऊन बसलो. तिला यात्रेला आणायचं मी दसऱ्याला कबूल केलं होतं, ते तिथे आठवलं.

भिला मला शोधत आला. त्याच्या डोक्याला पागोटं नव्हतं. ते मला आधी दिसलं.

पागोटं आईच्या डोक्याखाली होतं. ती परांचीच्या पायथ्याशी पडलेली, शेजारी बादली लवंडलेली, ओलं फडकं. माझ्या रिकाम्या आवारात ती एकटीच बादली घेऊन वर चढली होती, भिंत धुवायला. पोतारलेली माती धुतली की खालचं चित्र पुन्हा दिसेल, असं तिला वाटलं. भिला दुपारची भाकरी खायला फाटकालगतच्या आपल्या घरी गेला होता, त्याला बादलीच्या आवाजाने कळलं. ती शुद्धीवर होती, मी येईपर्यंत तिने भिलाला हलवू दिलं नव्हतं. मला पाहून तिने दोन्ही तळवे वर केले. निळे, तांबडे, मनगटापर्यंत ओघळलेले. तापी आणि पगड्या तिच्या हातांवर होत्या. चेहऱ्यावर वेदना होती, पण त्याखाली आनंद होता, ताई, मी शपथेवर सांगतो.

"मगन," ती म्हणाली, "रंग निंघी ऱ्हायना."

रंग निघतोय. फडक्याला रंग लागतोय म्हणजे आतलं चित्र वर येतंय, असं तिला वाटत होतं. जितका जास्त रंग फडक्यावर येई तितक्या जोराने ती पुसत गेली असणार. मी म्हणालो, "हा माय, निंघी ऱ्हायना." तिने मान हलवली. केवलचंदशेठच्या मोटारीतून तिला दवाखान्यात नेलं, पण मोटार फाटकातून बाहेर पडतानाच माझ्या मांडीवरचं तिचं डोकं जड झालं. तिला खोलीत आणून मी तिचे तळवे धुतले. निळं नखांतून निघालं नाही. तुला सापडलं.

बडोद्याचा माणूस गेल्या आठवड्यात आला. सज्जन, म्हातारा. त्याने जवळ जाऊन सगळी भिंत पाहिली. मग म्हणाला, माती वाळू दिली असती आणि कोरडीच उकलली असती, तर पापुद्र्यासारखी सुटली असती, काळी काजळीही तिच्यासोबत निघाली असती आणि खालचं बरंचसं वाचलं असतं. पाण्याने गेलं. मी तिला एवढं एकच सांगायला हवं होतं, पाणी लावू नको. मला ते माहीत होतं. रंग कच्चे आहेत हे तुला मी दिवाळीत लिहिलं होतं. कडी लावून आत बसलेल्या माणसाला ते सुचलं नाही.

आता भिंतीवर नुसते ओघळ आहेत. नदीतली नाव नाही, घोडा नाही. केवलचंदशेठ परवा आले, टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "मगनभाऊ, भिंत राहू द्या. मोटार मागच्या बाजूने आणू." जेव्हा तिच्यावर काही नव्हतं उरलं तेव्हा तिला जागा मिळाली. मी हसलो बहुतेक. ते लगेच निघून गेले.

एक तुकडा मात्र राहिला आहे. चौकटीशेजारचा. तिथे तिने फडकं लावलंच नाही. हळदीचे पंजे कुणी पुसतं का? मुलाने मढं म्हटलं तरी तिच्या हाताला ते झालं नसतं. म्हणून तेवढी माती कोरडी राहिली. म्हाताऱ्याने कडेला नखाएवढा पापुद्रा उचलून आत पाहिलं आणि मला बोलावलं. खाली निळा काठ दिसला, लुगड्याचा. उलट्या कमरेवर घागर घेतलेली ती बाई आईच्या पंजांखाली सुखरूप आहे. सगळ्या भिंतीतली एकटी ती.

म्हातारा म्हणाला, काढू का? मी म्हणालो, थांबा.

तेव्हापासून मी थांबलोय. पंजे ठेवले, तर ज्या चित्रासाठी मी आईला तसं बोललो ते चित्र मीच कायमचं पुरलं. काढले, तर तिचे हात गेले. तिचा एक फोटोसुद्धा नाही आपल्याकडे. रोज सकाळी जातो, समोर उभा राहतो, आणि काहीही न ठरवता परत येतो. नाट्यगृह बांधून झालंय. आवाज छान घुमतो, मागच्या ओळीत कुजबुज ऐकू येते. मला त्यातलं काही नको आहे.

पण काल एक गोष्ट डोक्यात आली आणि जात नाही. तिने अर्धं टाकलेलं काम तू कधी पाहिलंस? पापड लाटायला बसली तर शेवटचा गोळा संपवूनच उठायची. त्या दिवशी ती भिंत धुवायला चढली ती चित्र परत आणायला, मला परत द्यायला. तिच्या कामातला एवढाच तुकडा राहिला. तो मी पुरा करणार आहे, पंजे उकलून, कोरड्या हाताने, म्हातारा शिकवेल तसा. दुसऱ्या कुणाला करू देणार नाही. आणि ती बाई बाहेर आली की मी तिच्याकडे पाहू शकेन असं मला मुळीच वाटत नाही.

गुढीपाडव्याच्या आत हे व्हायचं आहे. त्याआधी तू ये. माझ्यासाठी येऊ नकोस. तुझा हात आईच्या हाताएवढा आहे, बांगड्या भरताना कासार नेहमी म्हणायचा. चौकटीशेजारी सगळ्यांत खालचा पंजा नीट उठला आहे, बोटं स्पष्ट आहेत. त्यावर एकदा तुझा तळवा ठेव. मी अजून ठेवलेला नाही. ठेवणारही नाही.

मी आवारात नसेन, किल्ली भिलाकडे आहे. तुला वाटलं तर मला बोलाव.

'तुझा भाऊ' असं लिहायला हात उचलत नाही. ते तू ठरव.

मगन